सोळा चिठ्ठ्या

जन्मदाखला हातात आला की मी जन्मतारीख सर्वांत शेवटी वाचते. आधी नोंदणीची तारीख. मूल जन्मल्यावर महिन्याभरात नोंद झाली असेल तर पुढे वाचते. नोंद बारा वर्षांनी झाली असेल, आणि तीही मुलगी फुटबॉल खेळायला लागल्यावर, तर दाखला बाजूला ठेवते आणि आईवडिलांना पाणी विचारते. पाणी पिताना माणसं कुठे बघतात, त्यावरून बरंच कळतं.

उपनगरांतल्या एका महिला फुटबॉल लीगची मी नोंदणी अधिकारी आहे. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात अंधेरीतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक टेबल, एक कपाट, एक स्कॅनर आणि मी. समोरच्या टेबलावर लीगचे सचिव देसाई सर. ते एके काळी बँकेकडून खेळायचे, अजूनही कोणी फुटबॉल म्हटलं की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली हलतो. मी कधीच खेळले नाही. शाळेत पीटीच्या तासाला मी पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे. इथे नोकरीला लागले ती एक्सेल येतं म्हणून.

आमच्या लीगमध्ये आठ संघ. वयाची अट नाही. सोळा वर्षांची मुलगी आणि दोन मुलांची आई एकाच संघात असू शकतात. पण एक नियम आहे: मैदानावर कायम निदान तीन खेळाडू अठरा वर्षांखालच्या हव्यात. मुलींना लवकर संधी मिळावी म्हणून केलेला नियम. त्यामुळे झालं असं की वीस-एकवीस वर्षांच्या चांगल्या खेळाडू दर हंगामाला अचानक सतरा वर्षांच्या व्हायला लागल्या, आणि त्यांना परत मोठं करणं हे माझं काम होऊन बसलं.

मला लोकांशी बोलायला जमत नाही. पण या कामात त्याचा फायदाच होतो. मी गप्प बसते, मग समोरचा बोलत राहतो. जोगेश्वरीच्या एक बाई मुलीचा दाखला घेऊन आल्या होत्या. मी नुसतीच तारखेकडे बघत बसले. दोन मिनिटांनी त्या म्हणाल्या, "मॅडम, मोठा भाऊ हिच्याहून दोन वर्षांनी मोठा, असं लिहून देऊ का?" मी भावाबद्दल काही विचारलंच नव्हतं. म्हटलं, "भावाचा दाखला आहे का?" बाई कागद उचलून निघाल्या. दारातून म्हणाल्या, "एवढं तर पासपोर्टवाले पण विचारत नाहीत."

बोरिवलीच्या एका संघात जुळ्या बहिणी एकाच कार्डावर खेळायच्या. मॅच सुरू होण्याआधी मी सगळ्यांना रांगेत उभं करते, हातात एकेकीचं कार्ड, फोटो बघायचा, चेहरा बघायचा, कानातले काढले का बघायचं. एकीचं नाव नोंदवलेलं, दुसरीचं नाही. पहिल्या हाफला एक, दुसऱ्या हाफला दुसरी. चार मॅचेस मला कळलं नाही. पाचव्या मॅचला मध्यंतराआधी कार्डावरच्या मुलीच्या न निघणाऱ्या कानातल्यावर चिकटपट्टी होती, मध्यंतरानंतर कानाला भोकच नव्हतं. मी पंचांना सांगितलं. पंच हसत सुटले. मला हसू आलं नाही. चार मॅचेस आपण फसलो, हेच डोक्यात फिरत होतं. तेव्हापासून मी कान आधी बघते.

देसाई सर म्हणतात, "अगं, तू पोलिसात जायला हवं होतंस." संशय घेणं मला आवडतं, असं नाही. पण सात-आठ जणी खोट्या निघाल्या की नववी खरी आहे हे मानायला जरा वेळ लागतो. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझा संशय सगळ्यांवर सारखा नसतो. ती कशी कळली, ते सांगते.

हंगामाच्या शेवटी आम्ही सर्वोत्कृष्ट युवा खेळाडूचा पुरस्कार देतो. अठरा वर्षांखालच्या मुलींपैकी एकीला. निवड समिती वगैरे नाही. प्रत्येक संघाचा कोच आणि कॅप्टन एकेक चिठ्ठी देतात. आठ संघ, सोळा चिठ्ठ्या. चिठ्ठीवर तीन नावं लिहायची. पहिल्या नावाला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. अट एकच, आपल्या संघातल्या मुलीचं नाव लिहायचं नाही. खाली सही करायची, पाकीट बंद करायचं, माझ्या हातात द्यायचं. कोणी कोणाला मत दिलं हे माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. गुणही जाहीर होत नाहीत, फक्त नाव.

पूर्वी ट्रॉफी आणि बूट मिळायचे. मागच्या हंगामापासून एका निवासी अकादमीने विजेत्या मुलीला एक जागा द्यायचं कबूल केलं. दोन वर्षं राहणं, जेवण, प्रशिक्षण, शिक्षण सगळं त्यांच्याकडे. जागा एकच, आणि ती विजेत्या मुलीलाच.

ती जागा जेनिसची आहे, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

जेनिस खाडीपलीकडच्या गोराईची. गावात घरची भाजीची वाडी, वडील आणि काका मच्छीमारीही करतात, आई बोरिवलीच्या बाजारात विकायला बसते. गोराईच्या संघात मोठ्या मुली नोकरीवाल्या, कधी येतात, कधी नाही. म्हणून सतराव्या वर्षी कॅप्टनही जेनिसच. त्यांच्या कोचने मला कारण सांगितलं होतं, "बोटीचा टाइम तिलाच पाठ असतो. ती उठवते म्हणून टीम पोचते." डाव्या बगलेवरून बॉल घेऊन निघाली की समोरची मुलगी आधी मागे सरकायची आणि मग वळून पळायला लागायची. टेबलावर बसून मॅचचा अहवाल भरताना मी एरवी मान वर करत नाही. जेनिसकडे बॉल गेला की करायचे.

तिच्या आईला, फिलोमिना आंटींना, मी एकदा जेट्टीवर भेटले होते, जेनिसच्या एका कागदावर सही हवी होती म्हणून. टोपली खाली ठेवून त्यांनी सही केली आणि विचारलं, "ते अकादमीचं खरं आहे? जेवणखाण त्यांचं?"

"हो आंटी. सगळं त्यांचंच."

"मग मिळू दे तिला. नाहीतर बारावी झाली की बॉल बंद, तिच्या बापाने सांगून ठेवलंय. मालाडला तिचा कझन आहे, त्याच्या ऑफिसात लावणार. मी काय बोलणार? बॉलने पोट भरतं का, विचारतो." त्या थांबल्या. "डिसेंबरला अठरा पूर्ण होतात तिला. म्हणजे याच वर्षी, ना?"

"याच वर्षी," मी म्हटलं.

शेवटची मॅच झाली, दोन दिवसांत सोळा पाकिटं आली. सोमवारी सकाळी सर यायच्या आत मी ती फोडली आणि एक्सेलमध्ये भरायला घेतली. बेरीज बघितली आणि परत पहिल्यापासून भरली.

तन्वी चौतीस. जेनिस एकतीस. अंधेरीची मृदुला सत्तावीस.

तन्वी म्हणजे मुलुंडच्या संघाची राइट बॅक. मुलुंडचा संघ शेवटचा आलेला. त्यांच्यावर झालेल्या गोलांपैकी अर्धे तरी उजव्या बाजूने आलेले, म्हणजे तन्वीच्या बाजूने. मुलगी वाईट नव्हती. वेळेवर यायची, कधी वाद नाही, पडली तर स्वतःच उठायची. पण सर्वोत्कृष्ट? पाच जणांनी तिला पहिलं नाव दिलं होतं, तिघांनी दुसरं.

माझ्या डोक्यात लगेच अंडी आली.

तन्वीचे वडील कदमकाका मुलुंडला ऑफिसांना डबे पुरवतात. मुलुंडची मॅच असली की ते एका मोठ्या डब्यात उकडलेली अंडी आणि केळ्यांचा फणा घेऊन यायचे, आणि फक्त आपल्या संघाला नाही, समोरच्या संघालाही द्यायचे. कॅप्टनला, कोचला, पंचांना, मलासुद्धा. "काय गो बाय, जेवलंस मा?" असं मालवणीत विचारून हातात अंडं ठेवायचे, बरोबर कागदात मीठ-मिरपूड. मी ते कधी खाल्लं नाही. पिशवीत टाकायचे आणि घरी भावाला द्यायचे. कामावर असताना कोणाचं काही खायचं नाही, हा माझा नियम.

आता तो नियम मला फारच शहाणपणाचा वाटला. अख्खा हंगाम एक माणूस सगळ्यांना फुकट खायला घालतो आणि शेवटी त्याच्याच मुलीला जागा मिळते. याहून सरळ काय असणार?

पहिलं नाव तन्वीचं लिहिणाऱ्या पाच चिठ्ठ्या मी वेगळ्या काढल्या. घाटकोपरची कॅप्टन आणि कोच. अंधेरीची कॅप्टन. बोरिवलीचे कोच. पाचवी गोराईची कॅप्टन, म्हणजे खुद्द जेनिस. तिची चिठ्ठी वाचून मला भरून आलं. स्वतःला मत देता येत नाही, तर या पोरीने सगळ्यांत दुबळ्या संघातल्या मुलीला पाच गुण दिले होते. किती मोठं मन, असं मला वाटलं. ती चिठ्ठी मी परत पाकिटात घातली. उरलेल्या चार टेबलावर पसरून संशयाने बघत बसले.

देसाई सरांना मी म्हटलं, "सर, मतांमध्ये गडबड आहे."

सरांनी चष्मा चढवून आकडे पाहिले. "मुलुंडची तन्वी? कोण, ती अंडीवाल्यांची?"

"तेच तर म्हणते सर. अंडी."

"अगं, अंडी मीही खाल्ली. मी कुठे मत दिलं?"

"तुम्हाला मत नाही, सर."

ते हसले आणि मग हसायचे थांबले. गैरप्रकार झाला असेल तर सचिवाला निकाल रद्द करून पुन्हा मतं मागवता येतात, असं आमच्या नियमात आहे. "रविवारी समारंभ आहे," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत काहीतरी दाखव. नुसता संशय नको मला. आणि सांभाळून विचार गं, मुलीचं नाव आहे."

मी सांभाळूनच विचारलं. निदान मला तसं वाटलं.

मंगळवारी मुलुंडला कदमकाकांच्या स्वयंपाकघरात गेले. दोन बायका पोळ्या लाटत होत्या, काका डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मला बघून खूश झाले, स्टूल पुसून दिलं. "ये गो, बस. वाटाण्याची उसळ आहे, गरम."

मी बसले. आणि नेहमीसारखी गप्प राहिले. पण हे काका मी गप्प बसल्यावर बोलत सुटणाऱ्यांतले नव्हते. ते आपले चिठ्ठ्या चिकटवत राहिले. शेवटी मलाच विचारावं लागलं. "काका, तुम्ही बाकीच्या टीमच्या कॅप्टनशी, कोचशी कधी युवा खेळाडूच्या पुरस्काराबद्दल बोलला होतात का?"

"मी? मी कशाला बोलू?"

"नाही, म्हणजे... तुम्ही सगळ्यांना खाऊ घालता ना."

त्यांचा हात डब्यावर थांबला. मी काय विचारलं ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि तो वेळ मी स्टुलाच्या कडेकडे बघत काढला.

"म्हणजे अंडी देऊन मतं घेतली," ते म्हणाले. "असं?"

"मी फक्त विचारते आहे, काका. माझं काम आहे."

पोळ्या लाटणाऱ्या बायका थांबल्या होत्या. काकांनी त्यांना मानेने खूण केली, तशी लाटणी परत चालू झाली. मग ते हळू आवाजात, मालवणी बाजूला ठेवून, बोलले. "पहिल्या वर्षी तन्वी सगळ्या मॅचेस बाकावर बसली. घरी येऊन सांगायची, पप्पा, माझ्याशी कोणी बोलत नाही. मी काय शिकवणार तिला फुटबॉल? मला डबे भरता येतात. खायला ठेवलं की पोरी गोल करून बसतात, त्यात आपली पण बसते. तेवढंच होतं, मॅडम."

एरवी मला ते 'बाय' म्हणायचे. त्या दिवशी 'मॅडम' म्हणाले.

खरं सांगायचं तर तेव्हाही माझा विश्वास बसला नाही. अशी उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि चांगली सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा तयार करून आणलेली असते. बाहेर पडताना मी मनात नोंद केली: उत्तर द्यायला वेळ लागला.

गुरुवारी घाटकोपरला गेले. तिथली कॅप्टन रेश्मा माझ्याच वयाची, एका जिममध्ये ट्रेनर, बोलायला एकदम सडेतोड. तिची आणि तिच्या कोचची, दोघांचीही पहिली पसंती तन्वी. तिचा ब्रेक होता, जिमच्या पायऱ्यांवर बसून ती केळं खात होती. केळं बघूनही मला संशय आला, यावरून माझी अवस्था कळेल.

"तू तन्वीला पाच गुण का दिलेस?" मी सरळ विचारलं.

"गुप्त असतं ना ते?"

"माझ्यापासून नसतं."

"दिले. का, काय झालं?" तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि केळं खाली ठेवलं. "एक मिनिट. ती जिंकली की काय?"

मी पायरीकडे बघितलं.

"अरे यार!" रेश्मा कपाळावर हात मारून हसायला लागली. "वाट लागली! ती जिंकली?"

"कोणी सांगितलं होतं तुला तिला मत द्यायला?"

"कोण कशाला सांगेल? हे बघ, आमची सानिया पण होती ना शर्यतीत. मी जेनिसला पाच दिले असते, तर आमची सानिया गेली ना खाली. मृदुलाला दिले तर अंधेरीवाल्या वर्षभर डोक्यावर बसणार. मग द्यायचे कोणाला? जी कधीच जिंकणार नाही तिला. आमच्या सरांनी पण तेच केलं असणार."

"पण तन्वीच का? अशा बऱ्याच जणी होत्या."

रेश्माने जरा विचार केला. "अगं, बाकीच्यांची नावं कुणाला माहीत असतात? शेवटच्या टीमची राइट बॅक, कोण लक्षात ठेवतं? ही लक्षात राहते. अंडीवाल्या काकांची पोरगी." ती परत हसली, पण या वेळी अर्ध्यावर थांबली. "थांब. सगळ्यांनीच असं केलं का?"

मी उठले. रिक्षात बसल्यावर एक्सेल उघडलं. अंधेरीच्या कॅप्टनला स्वतःची मृदुला जिंकायला हवी होती. बोरिवलीच्या कोचच्या संघातलीही एक मुलगी शर्यतीत होती. प्रत्येकाला आपली मुलगी वर हवी होती, म्हणून प्रत्येकाने पाच गुण एका सुरक्षित जागी टाकून दिले होते. सगळ्यांची सुरक्षित जागा एकच निघाली. कोणी कोणाशी एक शब्द बोललं नव्हतं. कोणी काही खाऊन विकलं गेलं नव्हतं.

मग मला पाचवी चिठ्ठी आठवली.

ऑफिसात येऊन मी ते पाकीट पुन्हा उघडलं. जेनिसचं अक्षर गोल, शाळकरी. पहिलं नाव तन्वी. दुसरं बोरिवलीच्या एका बाकावरच्या मुलीचं. तिसरं दिंडोशीच्या राखीव गोलकीपरचं, जी अख्ख्या हंगामात एक मॅच खेळली होती. मृदुला नाही. सानिया नाही. तिला मागे टाकू शकेल अशा कोणाचंच नाव नाही. दुसऱ्या कोणाची असती तर ही चिठ्ठी मी पहिल्याच दिवशी ओळखली असती.

चौतिसातून पाच वजा केले. एकोणतीस. जेनिस एकतीस.

ती जागा तिने स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती. आणि मी त्याला मोठं मन म्हटलं होतं.

शनिवारी सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले. टेबलाखालचा पाय हलत नव्हता. "परत मतं घेऊया ना सर," मी म्हटलं. "सगळ्यांना समजावून सांगू."

"कोणत्या कलमाखाली?"

"सर, सगळ्यांना माहीत आहे कोण चांगलं खेळलं."

"मग लिहायचं होतं त्यांनी." ते चिडले नव्हते, थकले होते. "नियम मोडला का कोणी? नाही. मूर्खपणा हा गैरप्रकार नाही गं. तसा असता तर मला दर हंगाम रद्द करावा लागला असता." मग जरा थांबून म्हणाले, "एक सांग. मृदुला तीन गुणांनी हरली असती, तर तू मुलुंडला गेली असतीस?"

गेले नसते.

रविवारी बोरिवलीच्या मैदानावर समारंभ झाला. सगळे संघ आले होते. कदमकाका आले, हात रिकामे. मुली एकमेकींना विचारत होत्या, "आज अंडी नाहीत का गं?" काका लांब उभे होते. तन्वीचं नाव पुकारलं तेव्हा क्षणभर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घाटकोपरच्या बाजूने कोणीतरी हसलं. मग देसाई सरांनीच जोरात टाळ्या सुरू केल्या. जेनिस पुढच्या रांगेत होती. ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती, पण तन्वीकडे बघत नव्हती. ती माझ्या हातातल्या फाइलकडे बघत होती.

आठवड्याने तन्वी अकादमीचा फॉर्म भरायला ऑफिसात आली. एकटीच. मी जन्मदाखला तपासला. नोंद जन्मानंतर सहा दिवसांनी. फॉर्म पुढे सरकवला. तिने पेन घेतलं आणि सही न करता म्हणाली, "मॅडम, तुम्ही पप्पांना विचारायला आला होतात ते मला माहितीय."

"सॉरी," मी म्हटलं.

"पप्पा आता मॅचला येणार नाहीत म्हणतात." ती फॉर्मवरच्या रिकाम्या रेषेकडे बघत होती. "तुम्ही सगळ्या मॅचेसना टेबलावर असता. खरं सांगा, मी चांगली खेळते का?"

खोटं बोलता आलं असतं. पण या मुलीशी मी आधीच एकदा चुकीचं वागले होते. "नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

तिने मान हलवली, जणू हिशेब जुळला. "मला पण तसंच वाटतं. वाटलं होतं, जागा नको म्हणून सांगावं. पण मग विचार केला, चांगली व्हायलाच तर जायचं असतं ना तिथे? चांगल्या मुली तर चांगल्याच आहेत." आणि तिने सही केली. सही करून झाल्यावर फॉर्म दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

तिचं म्हणणं मला तेव्हा खोडता आलं नाही, आजही येत नाही. जेनिस मात्र आठवतच राहते.

जेनिसची बारावीची परीक्षा झाली. नव्या हंगामाची नोंदणी सुरू झाल्यावर एका दुपारी ती आली. फॉर्मल शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. मालाडला कझनकडे लागली होती, जेवणाच्या सुट्टीत आली होती. वडिलांकडून शनिवार-रविवार तेवढे मिळवले होते तिने. आता अठराच्या वर, त्यामुळे कागद साधे. मी फोटो चिकटवला, शिक्का मारला.

ती उठली नाही. "मॅडम, कितीने गेलं?"

"काय?"

"युवा खेळाडूचं. मी दुसरी होते ना? सगळे बोलतात."

"गुण सांगता येत नाहीत, जेनिस. नियम आहे."

"नंबर नका सांगू. पाचाच्या आत होतं की पाचाच्या वर, एवढंच सांगा."

तिने पाच हा आकडा कुठून काढला हे मला विचारायची गरज नव्हती. या टेबलावर बसून मी इतकी वर्षं लोकांची खोटी कागदपत्रं परत करत आले. वयं, नावं, सह्या, सगळी. माझ्या बाजूने या टेबलावरून कधी खोटं गेलं नव्हतं.

"वर," मी म्हटलं. "बरंच वर."

जेनिस माझ्याकडे बघत राहिली. मी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला आणि स्कॅनरचं झाकण नीट केलं.

"बरं," ती म्हणाली. आपलं नवं कार्ड उचलून तिने उलटसुलट पाहिलं. त्यावर नावाखाली 'कर्णधार' असं छापलेलं होतं, गेल्या वर्षीच्या यादीवरून आपोआप आलेलं. तिने कार्ड परत माझ्यासमोर ठेवलं आणि त्या शब्दावर बोट टेकवलं.

"हे काढा, मॅडम. कोचना सांगितलंय मी, दुसऱ्या कोणाला तरी करा. बोटीसाठी सगळ्यांना मीच उठवीन, त्याचं काही नाही." ती उभी राहिली, गळ्यातलं ऑफिसचं कार्ड शर्टाच्या खिशात सरकवलं. "पण कॅप्टनला मतं द्यावी लागतात. ते मला नाही जमत."